गुरुजींचा जागता कॉम्प्युटर

लातूरहून औशाकडे जाताना गावाची गर्दी विरळ होते तिथं अंध मुलांची एक निवासी शाळा आहे. त्या शाळेत ब्रेलची पुस्तकं छापायची एक खोली आहे आणि त्या खोलीचे धनी म्हणजे पंचाक्षरी गुरुजी. वय साठीकडे झुकलेलं, अंगात पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. लहानपणी देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. हे एवढं सांगून झालं की गुरुजींबद्दल महत्त्वाचं असं एकच सांगायचं उरतं. हा माणूस अतोनात भित्रा आहे.

आता भित्रा म्हणजे अंधाराला भिणारा नव्हे. ती डोळसांची कामं. कुत्र्याला, सापाला, गावगुंडाला, एवढंच काय, संस्थेच्या अध्यक्षांनाही गुरुजी भीत नाहीत. त्यांना भीती आहे ती चालती वस्तू बंद पडण्याची. नवी छत्री ते पावसात नेत नाहीत, मोडेल म्हणून. लग्नात सासऱ्यांनी हाताला चाचपून वेळ कळेल असं खास घड्याळ दिलं होतं, त्याला आजतागायत चावी दिलेली नाही, कारण जास्त पिळली तर आतली स्प्रिंग तुटेल. त्यांची बायको शांतम्मा देगलूरच्या पलीकडची, माहेरी कानडी बोलणारी. ती म्हणते, ह्यांचं चाललं असतं तर ह्यांनी मलासुद्धा कागदात गुंडाळून फडताळात ठेवलं असतं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. गुरुजींचा ब्रह्मराक्षस टेबलावर बसलेला असायचा आणि तो रात्रंदिवस घूं करत राहायचा.

भूकंपानंतरच्या वर्षांत सगळ्या जगाचं लक्ष लातूरकडे लागलेलं होतं. कुणी घरं दिली, कुणी दवाखाने दिले. कुठल्याशा परदेशी संस्थेनं ह्या शाळेला कागदावर ठिपके उठवणारं यंत्र दिलं आणि ते चालवायला एक कॉम्प्युटर दिला. त्या काळचा कॉम्प्युटर म्हणजे पत्र्याची आडवी, जडशीळ पेटी. तिला जोडलेला एक बोलका डबा होता. कळ दाबली की तो नाकातल्या इंग्रजीत काय उमटलं ते सांगायचा. मराठीचा त्याला गंध नव्हता, पण ठिपक्यांचे आकडे बरोबर सांगायचा आणि गुरुजींना तेवढं पुरे होतं. शांतम्मा शेजारी खुर्चीवर बसून छापील पुस्तक वाचायची आणि गुरुजी सहा कळांवर सहा बोटं ठेवून ते ब्रेलमध्ये उतरवायचे. तिचं शिक्षण कानडीतलं. सुरुवातीला तिचं मराठी वाचन पदोपदी ठेचकाळायचं, पुढं इतकं सुधारलं की मुलं तिच्याकडूनच कविता ऐकायला मागायची. नवराबायकोचा निम्मा संसार त्या दोन खुर्च्यांवर झाला, असं म्हटलं तर चुकायचं नाही.

ब्रेलचं पुस्तक एकदा छापलं की काम संपलं, असं मात्र नसतं. मुलं बोटांनी वाचतात आणि बोटांखाली ठिपके झिजतात. चार-पाच वर्षांत पान सपाट होतं आणि पुस्तक मुकं होऊन पडतं. मग ते पुन्हा छापायचं. पुन्हा छापायचं तर ते कॉम्प्युटरमध्ये हवं. शाळेची सगळी पुस्तकं, पहिलीच्या बाराखडीपासून दहावीच्या भूमितीपर्यंत, त्या एका पत्र्याच्या पेटीत होती. दुसरीकडे कुठंही नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग नक्कल करून ठेवायला काय झालं होतं? तेच तर. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक शहाण्या माणसानं गुरुजींना तेच विचारलं. गुरुजी प्रत्येकाला चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. नक्कल करायची तर पेटी उघडावी लागणार, काहीतरी जोडावं लागणार, त्यासाठी आधी ती बंद करावी लागणार. इथंच घोडं अडायचं.

कारण पूर्वी एकदा ती बंद झाली होती. वीज गेली, इन्व्हर्टरही बंद पडला, आणि वीज परत आली तरी कॉम्प्युटर उठेना. तेव्हा लातूरच्या गंजगोलाईत खाजाभाईंचं रेडिओ-टीव्ही आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. खाजाभाई आले, दार लावून घेऊन दिवसभर खटपट केली आणि संध्याकाळी पेटी घूं करायला लागली. जाताना ते गुरुजींना म्हणाले, “चालू हाय तवर चालू ठिवा. बंद केलं तर माझी गॅरंटी न्हाई.” पुढं खाजाभाई दुकान मोडून नांदेडला जावयाजवळ गेले. त्यांचं वाक्य मात्र इथंच राहिलं. गुरुजींनी त्या वाक्याचा वेद केला. दोन इन्व्हर्टर बसवले, खोलीला स्वतःच्या हातानं झाडू मारायला लागले आणि बटणावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला. उन्हाळ्याच्या सुट्टीत सासुरवाडीला गेले तरी जीव टांगणीला. मुलं चेष्टेनं म्हणायची, आपल्या शाळेत एक जागतं देवस्थान आहे.

मागच्या वर्षी एका देणगीदारानं मराठी बोलणारा नवा लॅपटॉप दिला. गुरुजींनी त्याला हात जोडून नमस्कार केला आणि कपाटात ठेवला.

यंदा नवरात्रात शाळेच्या स्वयंपाकघरात नवीन बाई आल्या होत्या. धोंडाबाई, लोह्याकडच्या. शेतात राबून राबून कंबर गेली तेव्हा मुलीजवळ लातूरला आल्या. हाताला चव आणि मनानं भाविक. खंडेनवमीच्या दिवशी गुरुजी आणि शांतम्मा सकाळच्या बसनं उदगीरला मठात गेले होते, दुपारी परतायचे होते. धोंडाबाईंनी शाळेतल्या झाडून सगळ्या अवजारांची पूजा मांडली. विळी, पाटा-वरवंटा, माळ्याचं खुरपं, शिवणयंत्र. आणि मग त्यांना छापखान्याची आठवण झाली. ज्याच्यावर शंभर लेकरांची विद्या चालते ते अवजार सोडून कसं चालेल?

गुरुजी परतले. व्हरांड्यात चपला काढल्या. दारापासून चार पावलांवर असतानाच ते थबकले, आणि मागून येणारी शांतम्मा त्यांच्या पाठीवर आदळली. झेंडूचा वास येत होता, उदबत्तीचा येत होता. पण खोलीतून आवाज येत नव्हता. इतकी वर्षं त्यांच्या कानाला जी घरघर होती, जिच्यावरून ते दार ओळखायचे, टेबल ओळखायचे, सकाळी आपण जिवंत आहोत हे ओळखायचे, ती नव्हती. त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि बायकोला विचारलं, “वीज गेली का गं?” शांतम्मानं दिव्याकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं की दिवा चालू आहे.

धोंडाबाई हसतमुखानं प्रसाद घेऊन आल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. पुठ्ठा काढून बाजूला ठेवला होता, पेटीवर हळदीकुंकू वाहिलं होतं, वर हार घातला होता. गुरुजींनी एवढंच विचारलं की बंद कुणी केलं.

“म्याच की,” धोंडाबाई म्हणाल्या. “पोळ्याला बैल जुंपत न्हाईत, गुर्जी. खंडेनवमीला खुरपं सुदिक भिताडाला टेकून ठिवत्यात. ह्यो बिचारा रातंदिस राबून राहिला. म्हनलं, एक दिस तरी इसावा घिऊ द्यावा.”

त्यात वाईट काय होतं? गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण त्यांनी आवाज चढवला नाही. प्रसाद घेतला, कपाळाला लावला. मग चाचपत खोलीत गेले आणि पेटीवर तळहात ठेवला. ती नेहमी कोमट असायची, निजलेल्या मुलाच्या पाठीसारखी. आता ती गार होती. गुरुजी बाहेर आले, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

इथं एखादा साधा माणूस काय करेल? बटण दाबून बघेल. गुरुजींनी ते केलं नाही. दसरा गेला, मुलांनी आपट्याची पानं वाटली, शाळा भरली, आणि कुलूप तसंच. शांतम्मानं विचारलं तर म्हणायचे, उद्या बघू. त्यांचं गणित सरळ होतं. जोवर बटण दाबलं नाही तोवर तो मेलेला नाही.

ही भीती कुठून आली ते गुरुजींनी शांतम्माला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. देवी आल्या तेव्हा डोळे सुजून मिटले होते. आई म्हणायची, ताप उतरला की उघडतील. मुलगा वाट बघत पडून राहिला. ताप उतरला, सूज उतरली, पापण्या सुटल्या. त्यानं डोळे उघडले आणि आईला विचारलं, सकाळ कधी होणार? तेव्हा ऊन अंगणात आलेलं होतं. मिटलेलं ते उघडतंच असं नाही, हे त्या दिवशी पोराच्या हाडात जाऊन बसलं, ते आजवर निघालं नाही.

दहावीत ऋतुजा नावाची मुलगी होती. अर्धापूरच्या केळीबागायतदाराची, हुशार, हट्टी. तिला पुढं विज्ञान शिकायचं होतं. अंध मुलीला विज्ञान कशाला, असं चारचौघांनी सांगूनही तिचा हेका सुटला नव्हता. दहावीचं विज्ञानाचं पुस्तक नव्यानं बदललं होतं आणि गुरुजी-शांतम्मा पावसाळाभर त्याच्यावर खपले होते. शेवटचे दोन धडे राहिले होते. पुस्तक पुरं झाल्याशिवाय एक पानही छापायचं नाही, असा गुरुजींचा नेम. अर्धवट छापलं आणि मागचं बदलावं लागलं तर? म्हणून ते पुस्तक कागदावर कुठंच नव्हतं. ऋतुजा रोज मधल्या सुट्टीत येऊन दाराला हात लावून जायची. एकदा तिनं विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले की यंत्राला नवरात्राचा विसावा दिला आहे. नवरात्र संपून बरेच दिवस झाले होते. ती दाराला पुन्हा एकदा हात लावून वर्गात गेली.

शेवटी एका सकाळी शांतम्मानं भाकरीचं पीठ तसंच सोडलं, हात धुतले आणि नवऱ्यासमोर येऊन बसली. ती सहसा त्यांना बोलत नसे. त्या दिवशी बोलली. तुम्हाला यंत्राची नाही, स्वतःची काळजी आहे, म्हणाली. ते मेलं असलं तर तुम्हाला कळायला नको, म्हणून पोरांनी अडाणी राहायचं का? मग तिनं त्यांच्याच मोबाइलवरून नांदेडला फोन लावला.

खाजाभाई दोन दिवसांनी आले. एका हातात गोणपाटात गुंडाळलेला कॉम्प्युटरचा जुना जाडजूड पडदा, म्हणजे मॉनिटर, दुसऱ्या हातात अर्धापूरच्या केळ्यांचा घड. दाढी पांढरी झाली होती आणि साखरेच्या आजारानं बोटं बधिर झाली होती. कुलूप उघडून तिघं आत गेले. धोंडाबाई उंबऱ्यावर बसून राहिल्या. त्यांना आत बोलवलं तरी येईनात.

खाजाभाईंनी पेटीचे स्क्रू काढले. झाकण उचलल्यावर धुळीचा आणि जुन्या तेलाचा वास आला. ते बराच वेळ नुसते बघत बसले. गुरुजींनी विचारलं, “काय दिसतंय?” खाजाभाईंनी हातातला पेचकस खाली ठेवला. मग खुर्ची ओढून गुरुजींच्या समोर बसले.

“गुरुजी, सच सांगतो,” ते म्हणाले. “त्या दिशी हे कसं चालू झालं ते मलाच ठावं न्हाई. हालवलं, ठोकलं, तारा काढल्या, घातल्या. चालू झालं. परत बंद पडलं आन तुमी परत बोलावलं तर माझी इज्जत जाईल, ह्याचं भ्या वाटलं. म्हनून म्हनलो, बंद करू नका.”

गुरुजींच्या मनात आधी राग आला, मग हसू आलं. ज्या वाक्यावर त्यांनी आयुष्याची इतकी वर्षं काढली ते दुसऱ्या एका घाबरलेल्या माणसाचं होतं. म्हणजे एका भित्र्यानं दुसऱ्या भित्र्याच्या हवाली केलेली ठेव. गुरुजींनी खाजाभाईंचा हात शोधला, दाबला आणि म्हणाले, “आता तरी ठावं हाय का?”

“आता हाय. पन भ्या तेवढंच हाय.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. पुस्तकं ज्या चकतीवर आहेत ती ह्या जाड डबीत बंद असते आणि गरगर फिरते. इतकी वर्षं अखंड फिरलेली चकती थांबून गार पडली की आतल्या आत चिकटते. दुसरं असं की आतली बॅटरी कधीच संपलेली आहे. वीज होती तोवर ह्याला आपली चकती कोणती आणि केवढी ते ध्यानात होतं, बंद झाला आणि विसरला. ते आकडे त्याला नव्यानं सांगावे लागतील. खाजाभाईंनी काड्यापेटीहून पातळ असं एक कार्ड आणलं होतं, त्यात सगळी पुस्तकं मावणार होती. ते त्यांनी आधीच जोडून घेतलं. कारण चकती फिरली तर पहिल्या दमात नक्कल करून घ्यायची. दुसरा दम मिळेल याचा भरवसा नाही.

डबीवरच्या चिठ्ठीवर बारीक आकडे होते. ते खाजाभाईंना दिसेनात. शांतम्मानं खिडकीजवळ नेऊन वाचले आणि लिहून ठेवले. मग पडदा लागला, वीज जोडली, आणि खाजाभाईंनी गुरुजींना विचारलं, दाबू का?

गुरुजींनी लिंग मुठीत धरून मान हलवली.

पेटीतल्या पंख्याचा आवाज आला. शांतम्मा आनंदानं काही म्हणणार तेवढ्यात गुरुजींनी हात वर केला. ते कान लावून ऐकत होते. घरघरीत नेहमी दोन आवाज असायचे, एक वाऱ्याचा आणि त्याच्याखाली एक बारीक, ताणलेला. वरचा होता. खालचा नव्हता. “चकती फिरंना,” ते म्हणाले.

खाजाभाईंनी सुस्कारा सोडला. आता एकच उपाय होता. वीज चालू ठेवून डबी हातात धरायची आणि मनगटाला एक झटका द्यायचा, कुलपात अडकलेल्या किल्लीला देतात तसा. झटका कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर चकतीवर ओरखडा आणि सगळं संपलं. बोटांना आतली हालचाल जाणवली पाहिजे. आणि त्यांच्या बोटांना तर गरम चहाचा पेलाही जाणवत नव्हता. त्यांनी डबी तारांसकट बाहेर काढली आणि गुरुजींच्या ओंजळीत ठेवली. “हे तुमीच करा,” म्हणाले.

गुरुजींच्या पाचावर धारण बसली. तळहातावर एक गार, जड वस्तू. आत बाराखडी, कविता, पावकी-निमकी, नद्या, पर्वत, किती मुलांचं लहानपण, शांतम्माचा तरुण आवाज. हातातून निसटली तर? मनात आलं, परत ठेवून द्यावी, कुलूप लावावं, उद्या बघावं. त्यांनी तोंड उघडलंही. पण मधल्या सुट्टीची घंटा झाली होती आणि बाहेर दाराच्या चौकटीवर कुणीतरी बोटं फिरवत होतं. ऋतुजाच असणार. गुरुजींनी श्वास कोंडला आणि मनगट फिरवलं.

काही झालं नाही. पुन्हा फिरवलं. आत कसलासा खडा हलल्यासारखा झाला. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे घट्ट मिटले, ज्यांचा उपयोग नव्हता ते डोळे, आणि झटका दिला. बोटांखाली काहीतरी सुटलं, थरथरलं आणि हळूहळू चढत चढत तो बारीक, ताणलेला आवाज खोलीभर झाला.

शांतम्मा रडायला लागली. खाजाभाई म्हणाले, रडायचं नंतर, आधी आकडे. तिनं डोळे पुसत आकडे पुन्हा सांगितले, त्यांनी ते घातले, आणि मग बराच वेळ काहीच नाही. गुरुजींना पडदा दिसत नव्हता. त्यांच्यासाठी ती नुसती शांतता होती आणि ती संपता संपेना. अखेर बोलका डबा नाकातून म्हणाला, “रेडी.” गुरुजी डबीला धक्का न लावता हळूच खुर्चीवर टेकले.

नक्कल सुरू झाली. एकेक पुस्तक उतरलं की पडद्यावर त्याचं नाव यायचं आणि शांतम्मा ते मोठ्यानं वाचायची. सगळ्यात जुनं आधी. बालभारती. पाढे. गणित चौथी. गुरुजी डबी तशीच हातात धरून बसले होते, कारण खाली ठेवताना धक्का लागला तर? भूगोल सहावी. नागरिकशास्त्र. इतिहास. तिनं आयुष्यभर त्यांना वाचून दाखवलं होतं, पण एवढ्या जिवाच्या आकांतानं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. नाव उच्चारलं की ते पुस्तक वाचलं, आणि पुढचं उच्चारेपर्यंत छातीत ठोके. उन्हं कलली. धोंडाबाईंनी चहा आणून उंबऱ्यावर ठेवला, तो तिथंच गार झाला.

दहावीची पुस्तकं सुरू झाली आणि गुरुजींच्या बोटांना आधी कळलं. डबीच्या आत टक् झालं. मग पुन्हा टक्. आवाज चिरका झाला. भूमिती, शांतम्मानं वाचलं. मग ती थांबली.

“वाच की,” गुरुजी म्हणाले.

“यीना झालंय काही.”

टक् टक् टक्, आणि मग चकती सावकाश थांबली. हातातली थरथर गेली. गुरुजींनी झटका दिला, परत दिला, मनगट दुखेपर्यंत दिला. खाजाभाईंनी अखेर डबी त्यांच्या हातातून सोडवून घेतली.

बाकीची सगळी पुस्तकं वाचली. एक गेलं. विज्ञान.

नंतर ती डबी खाजाभाईंनी हैदराबादला एकाकडे पाठवली, तिथून नकार आला. पण त्या संध्याकाळी गुरुजींनी फक्त एकच गोष्ट विचारली. त्याच दिवशी बोलावलं असतं तर? खाजाभाईंनी टाळायचा प्रयत्न केला. गुरुजी सोडेनात. तेव्हा ते म्हणाले की नक्की असं कुणीच सांगू शकत नाही, पण ताजी थांबलेली चकती लवकर सुटते, जास्त दिवस गार पडली की जास्त चिकटते, आणि ओढून सुटलेली फार चालत नाही. उंबऱ्यावर धोंडाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या की सगळं माझ्यामुळं झालं. गुरुजी म्हणाले, तुमच्यामुळं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋतुजाला बोलावून घेतलं. शांतम्माला बाहेर थांबायला सांगितलं. आयुष्यात इतकं अवघड वाक्य त्यांनी कधी जुळवलं नव्हतं.

“तुझं पुस्तक गेलं,” ते म्हणाले. “यंत्रानं न्हाई घालवलं. मी भ्यालो आन कुलूप लावून बसलो, म्हणून गेलं.”

ऋतुजा उभीच राहिली. तिनं रडूनबिडून काही केलं नाही. “मग मी परीक्षेला काय वाचू?” एवढंच तिनं विचारलं. परत सगळं करू, गुरुजी म्हणाले, पुरं झालं की लगेच छापून देऊ. तेव्हा ती म्हणाली, “पुरं व्हायची वाट नका बघू, गुरुजी. आज जेवढं व्हईल तेवढं आजच द्या.”

तेव्हापासून तसंच चाललं आहे. खाजाभाईंनी पत्र्याच्या पेटीत चकतीच्या जागी ते कार्ड बसवून दिलं, नवी बॅटरी घातली, आणि पुस्तकांची एकेक नक्कल कपाटातल्या लॅपटॉपमध्ये, शाळेच्या कचेरीत आणि स्वतःच्या घरी ठेवली. शांतम्मा सकाळी वाचते, गुरुजी सहा बोटांनी उतरवतात, आणि दुपारी ठिपक्यांचं यंत्र पत्र्यावर गारा पडल्यासारखं तडतडतं. संध्याकाळी ऋतुजाच्या हातात तीन-चार पानं पडतात. कधी त्यात चूक असते, मग ती दुसऱ्या दिवशी येऊन सांगते आणि गुरुजी दुरुस्त करतात. परीक्षेपर्यंत पुस्तक पुरं होईल की नाही, हे कुणालाच माहीत नाही.

एक मात्र शांतम्माला उमजेना. आता कॉम्प्युटर महिनोन्‌महिने चालू ठेवला तरी हरकत नाही, असं खाजाभाई सांगून गेले होते. तरी गुरुजी रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं तो बंद करतात. बटण दाबतात, आवाज विरेपर्यंत टेबलाशी उभे राहतात. सकाळी चालू करताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडतो, हात लिंगाकडे जातो, आणि डबा “रेडी” म्हणेपर्यंत ते श्वास घेत नाहीत. हे रोज. एके दिवशी न राहवून तिनं विचारलंच की एवढं भ्या वाटतंय तर बंद कशाला करता?

गुरुजींनी बटणावरचं बोट काढलं नाही.

“रोजचं रोज भिऊन घितो,” ते म्हणाले. “साठवून ठिवत न्हाई.”